पुसून निघणारी राख

मी, कुरेबायाशी तेप्पेई, वय एकवीस वर्षं सात महिने, राहणार याइझु, बंदरामागची तिसरी गल्ली, धंदा आजपर्यंत शिझुओकातल्या विमानांच्या मॉडेलच्या दुकानात नोकरी आणि गुरुवारपासून टूनाच्या बोटीवर खलाशी, हे सगळं माझ्या हाताने लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे. प्यालेलो नाही. कोणाचा दाब नाही असं इथे लिहायची रीत आहे, पण ते पुरतं खरं होणार नाही, कारण मला लिहायला सारंगाने बसवलं आहे. रागात लिहीत नाही एवढं मात्र खरं. राग गेल्या महिन्यात संपला. आता नुसता दमलो आहे.

सारंग म्हणजे मुराकोशी, आमच्या बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या. त्याचा नियम असा, की पहिल्यांदा लांबच्या समुद्रावर जाणाऱ्याने मृत्युपत्र लिहून त्याच्या बायकोकडे द्यायचं. ती ते घरच्या देव्हाऱ्यामागे ठेवते. परत आलेला माणूस आपलं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने जाळतो. वीस वर्षांपूर्वी त्याच्या बोटीवरून एक जण लाटेत गेला. मागे ना शब्द, ना शरीर. त्याची आई आणि बायको थडग्यात काय पुरायचं यावरून तीन वर्षं भांडल्या. तेव्हापासून हा नियम.

पहिलं मृत्युपत्र मी पंधरा मिनिटांत लिहिलं होतं. त्यात 'जाळून टाका' हे तीनदा होतं. सारंगाने ते धक्क्यावर उभ्या उभ्या वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"हे मृत्युपत्र नाही, भांडण आहे," तो म्हणाला. "तू तर मरून मोकळा होशील. घरच्यांनी कोणाशी भांडायचं?"

"मग काय लिहू?"

"कोणाला काय द्यायचं ते लिही. आणि का, तेही लिही. का लिहिलं की निम्म्या गोष्टी देववत नाहीत, निम्म्या ठेववत नाहीत."

म्हणून हे दुसरं. आधीचं रद्द समजावं.

कलम १. पोस्टातल्या खात्यात जे असेल ते आईला. आकडा लिहीत नाही, लाज वाटते. त्यातून आधी मीठ आणावं. गेल्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरातलं मीठ डब्याडब्याने पळवत होतो, आणि आई विचारायची, "विमानाला लोणचं घालतोयस का?" मी उत्तर दिलं नाही. मीठ कशाला लागलं ते पुढे पाचव्या कलमात आहे, आईने वाचावं.

कलम २. माझी कॉलेजची पुस्तकं, पट्टी, कंपासपेटी आणि नागोयाहून आणलेला दिवा बाबांना. त्यांना त्याचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. पण ते सगळं त्यांच्या घामाचं आहे.

मी नागोयात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. चिसातोचं पत्र आलं. इकेगाया चिसातो, शाळेपासूनची, आता शिझुओकात चहाच्या व्यापाऱ्याकडे कामाला. पहिल्या पानावर होतं, की चहाच्या मळेवाल्यांचं एक स्थळ आलंय, मुलगा बरा आहे, घरचे बघू या म्हणतात. मी एवढं वाचलं आणि स्टेशनवर गेलो. परीक्षा चालू होती. दुसऱ्या दिवशी द्रवयांत्रिकीचा पेपर होता. मी थेट तिच्या ऑफिसच्या दारात उभा राहिलो आणि चार लोकांसमोर काय वाटेल ते बोललो. ती शांतपणे चहाचे नमुने बरण्यांत भरत होती.

"पत्र आहे का जवळ?" तिने विचारलं.

मी दिलं. तिने दुसरं पान वर केलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. त्यावर एकच ओळ होती: मी नाही म्हणून सांगितलं, तू पेपर नीट दे.

"दुसरं पानही वाचायचं असतं रे," ती म्हणाली.

मी परत गेलो नाही. परत जायला तोंड नव्हतं, हे आज लिहितो. तेव्हा सगळ्यांना सांगितलं, की कॉलेजात काही दम नाही. बाबा बोनितो मासा सुकवायच्या कारखान्यात तीस वर्षं आहेत. मासा धुरावर धरायचा, उन्हात टाकायचा, बुरशी येऊ द्यायची, ती घासून काढायची, पुन्हा येऊ द्यायची, असं महिनोन्‌महिने. ते त्या दिवशी एवढंच म्हणाले, "मासा सहा महिने वाट बघतो. तुला एक पान उलटेपर्यंत धीर धरवेना." त्यानंतर वर्षभर आम्ही मिठापुरतं आणि भातापुरतं बोललो. त्यांचं खरं होतं. हे वाक्य मी जिवंतपणी म्हणणार नाही, म्हणून इथे आहे.

कलम ३. माझ्यावर कोणाचं काही निघत असेल तर ते रागाचं निघेल, दुसरं काही नाही. ज्याला ज्याला मी बोललो आहे त्यांनी तो राग बोट बंदरातून निघाल्यावर पाण्यात टाकावा.

कलम ४. माझी सगळी हत्यारं तेराओकाकांना: फवाऱ्याची बंदूक, तिचा पंप, चार कानशी, दोन चिमटे, आणि सात ब्रश. त्यातल्या सगळ्यात बारीक ब्रशला तीनच केस उरले आहेत, पण तो टाकू नये. डोळ्याची बाहुली त्यानेच काढता येते.

तेराओकाका म्हणजे दुकानाचे मालक. कॉलेज सोडून आलेल्या पोराला त्यांनी काही न विचारता काचेमागे मांडायची मॉडेलं जुळवायला बसवलं. त्यांच्याकडून मी शिकलो, की जोडल्यावर जे कोणालाच दिसणार नाही ते आधी करायचं, आणि ते नीटच करायचं. खुर्ची, तिचे पट्टे, पायाखालच्या दांड्या. दोन अर्धी अंगं चिकटली की सगळं कायमचं आत. मी विचारलं होतं, कशाला मग. ते म्हणाले, "तुला माहीत असतं ना आत काय आहे. तुझा हात बाहेरून रंगवताना वेगळा चालतो." ते मला तेव्हा पटलं नव्हतं. आता पटलंय, पण दुकान सुटलं.

कलम ५. मे महिन्याच्या प्रदर्शनात मिळालेला कप परत करावा. ज्या परीक्षकांनी दिला त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांची चूक आणि माझी चूक एकच होती.

गेल्या शरदात चिसातो दुकानात आली. तिचे आजोबा, इकेगाया सेइझो, युद्धात आरमाराच्या विमानांचे मेकॅनिक होते, दक्षिणेच्या बेटांवर, राबौलला. पुढच्या सप्टेंबरात त्यांना सत्याहत्तरावं लागणार होतं, त्या वयाच्या रीतीप्रमाणे जांभळी बंडी घालून समारंभ होणार होता.

"त्यांचं विमान करून दे," ती म्हणाली. "झिरो, ते लढाऊ. शेपटीवरचा नंबर त्यांना अजून पाठ आहे, मी लिहून आणलाय. तू स्वतः घेऊन ये. घरच्यांना तुला बघू दे. ओरडताना नाही, काहीतरी करून आणलेलं बघू दे."

मी आठ महिने ते विमान केलं. अठ्ठेचाळीसपट लहान. बसायच्या जागेतले पट्टे बाटलीच्या बुचावरच्या शिशाच्या पत्र्याचे कापले. पाठीवरची तार, सुटे भाग जिला लागून येतात ती साच्याची प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढून काढली, केसाएवढी. आणि मग ते म्हातारं केलं. माझा हात त्यातच चालतो. आधी सगळं चांदीरंगात रंगवायचं, वाळलं की ओल्या ब्रशने मिठाचे खडे चिकटवायचे, वर हिरवा फवारा मारायचा, आणि शेवटी मीठ घासून काढायचं. जिथे मीठ होतं तिथे रंगाचे टवके उडतात आणि खालून चांदी चमकते. पत्र्याच्या सांध्यांत पातळ काळा रंग सोडला. धुराड्यांमागे काजळी. चाकांना चिखल. पंखांवर तेलाचे ओघळ. परीक्षकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, हे विमान खरंच युद्धातून आलंय. मला कप मिळाला. चिसातो हसली. ते वर्षभरातलं पहिलं हसू. मला वाटलं, आता सगळं जुळलं.

कलम ६. पंधरा सप्टेंबरला इकेगायांच्या घरी जमलेल्या प्रत्येकाची मी माफी मागतो. बहुतेकांची नावं मला माहीत नाहीत. वीस-बावीस माणसं होती, लाल भात होता, मोठा मासा होता. आजोबा जांभळ्या गादीवर बसले होते. मी विमान त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा काढला आणि विमान डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ धरलं.

"या विमानाचा मेकॅनिक कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, आजोबा," मी म्हणालो.

"मग माझ्या मुस्काटात द्यायला हवी."

कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं गंमत चालली आहे. आजोबांनी ताटाशेजारचा हात पुसायचा ओला टॉवेल घेतला आणि माझं विमान पुसायला लागले. पंख, मग पाठ, मग शेपूट. काजळी निघाली, ओघळ निघाले. पाठीवरची तार टॉवेलात अडकून तुटली. आठ महिन्यांचं काम मी उभ्या उभ्या जाताना बघत होतो, आणि ते थांबत नव्हते, कोणाकडे बघत नव्हते.

तेव्हा मी म्हणालो, "पुसून पुसून तरी कुठे जिंकलात तुम्ही?"

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहितो. सौम्य केलेलं नाही. आजोबा पुसतच राहिले.

चिसातो मला दारापर्यंत घेऊन गेली. तिने माझे बूट वळवून ठेवले, घालायला सोपे जावेत म्हणून.

"घाल आणि जा, तेप्पेई," ती म्हणाली. "आज दुसरं पान नाहीये."

तीन दिवसांनी मी बंदरावर जाऊन बोटीवर नाव लिहून आलो. अकरा महिन्यांची फेरी. दक्षिणेला, त्या बेटांच्याही खाली. आईला नंतर सांगितलं.

कलम ७. हे कलम वाटणीचं नाही, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सारंग म्हणाला, का तेही लिही. तर हे का.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना आजोबा आले. हातात कापडाचं गाठोडं. बसने आले होते, दोन बस बदलून. त्यांनी गल्ल्याशेजारी गाठोडं सोडलं. आत विमान.

"तार तुटली," ते म्हणाले. "माझ्याच हाताने. जोडता येते का?"

"येते."

"शिकवतोस?"

मी मेणबत्ती पेटवली. साच्याची काडी ज्योतीवर कशी फिरवायची, मऊ झाली की ज्योतीतून बाहेर काढून कशी ओढायची, ते दाखवलं. पहिली काडी त्यांनी वितळवली. दुसरी ओढली ती माझ्यापेक्षा सरळ आली. हात जराही हलला नाही. मी बघतोय हे बघून म्हणाले, "या हातांनी कार्ब्युरेटर उघडलेत. तुझं इंजिनियरिंग अर्ध्यावर सुटलं म्हणे."

"सुटलं."

"बरं झालं. इंजिनियर आला की आमचं काम वाढायचं."

तेराओकाका आतून हसले. मग आजोबांनी विमान उजेडात धरलं आणि बोटाने पंखाच्या मुळाशी टकटक केलं.

"हे टवके इथे कसे?"

"चढताना पाय लागतो तिथे रंग उडतो ना."

"हा उजवा पंख आहे. उजवीकडून कोण चढायचं, माकड?"

पायरी डाव्या अंगाला असते. ते माझ्या आराखड्यात होतं. मी दोन्हीकडे सारखे टवके काढले होते, कारण ते सारखे बरे दिसत होते.

"आणि चांदी कुठून आली?" ते पुढे म्हणाले. "हिरवा रंग बेटावर आम्ही मारला, घाईघाईत. त्याच्याखाली कारखान्याचा राखाडी होता, तो पक्का. हिरवा निघाला की राखाडी दिसायचा. चांदी दिसायला पार पत्र्यापर्यंत खरवडावं लागतं. मी असताना कोणाची हिंमत नव्हती."

"म्हणून पुसलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मला ऐकू आला.

त्यांनी विमान खाली ठेवलं.

"संध्याकाळी विमान परत आलं की पुसायचं," ते म्हणाले. "दिसायला छान म्हणून नव्हे. तेल कुठून गळतंय, पत्र्याला तडा कुठे गेलाय, हे पुसल्याशिवाय दिसत नाही. मळ म्हणजे कोणी न बघितलेली जागा. होंजो म्हणून पायलट होता माझा. वीस वर्षांचा. तुझ्यासारखाच, लवकर भडकायचा. पण चढताना बूट झटकून चढायचा, मी पुसलेलं असायचं म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. राबौलच्या कडेला ज्वालामुखी आहे. एका संध्याकाळी त्याने राख टाकली. तंबूंवर, भातावर, विमानांवर, सगळीकडे. त्या संध्याकाळी आजोबांना हिवतापाची हुडहुडी भरली होती. त्यांनी ठरवलं, सकाळी पुसू. पण सकाळ व्हायच्या आत हुकूम आला. होंजो तसाच चढला, आणि विमान परत आलं नाही.

"त्याने बूट ठेवला तेवढी राख निघाली," आजोबा म्हणाले. "पट्टा बांधायला मी त्याच्या मागे पंखावर चढलो, माझ्या पायांनी आणखी थोडी निघाली. त्या दिवशी मी विमान पुसलं ते तेवढंच."

"तडा होता का?"

"कोणाला माहीत. तेच तर." त्यांनी विमानाकडे बोट दाखवलं. "तू त्या दिवशी ते मळकं विमान भातासमोर आणून ठेवलंस ना, मला वाटलं, आलं. पन्नास वर्षं उशिरा, पण आलं. मग पुसायला नको?"

मी माफी मागितली नाही. तोंड उघडलं की माझ्या तोंडून काय निघतं ते मला माहीत झालं आहे. मी फक्त विचारलं, "राखेचा रंग कसा होता?"

त्यांनी रंगांच्या बाटल्यांच्या फळ्यांवरून नजर फिरवली. करड्या रंगाच्या आमच्याकडे बावीस बाटल्या आहेत. त्यांनी मान हलवली.

"राखेला रंग नसतो पोरा. दातांखाली कचकच असते."

कलम ८. ते विमान, शेपटीवर त्यांचा नंबर असलेलं, इकेगाया सेइझो यांना द्यावं. मी मेल्यावर नव्हे. उद्याच. तेराओकाका पोचवतील.

त्याची हकीकत अशी. त्या दुपारनंतर मी विमानाचा सगळा रंग काढला. द्रावणात बुडवून, दाताच्या ब्रशने, दोन दिवस. कप मिळालेली सगळी झीज गटारात गेली. आधी राखाडी दिला. वाळला. मग हिरवा, फवाऱ्याने नव्हे, ब्रशने, जरा घाईने मारल्यासारखा. आजोबा मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. स्टुलावर बसायचे, डबा आणायचे, माझ्यापुढे अर्धा सरकवायचे आणि सांगायचे, "इथे एवढा जाड नको. शेपटीपर्यंत यायच्या आत आमचा रंग संपत आला होता." शिव्याही द्यायचे. मीही एकदा तडकलो, ब्रश फेकला. त्यांनी तो उचलला, धुतला, पुसला, आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

विमान आता स्वच्छ आहे. एकही टवका नाही. फक्त डाव्या पंखाच्या मुळाशी हिरव्यातून थोडा राखाडी दिसतो, तो मी बोटाला फडकं गुंडाळून घासून काढला. पुढचा डाग होंजोच्या बुटाचा. त्याच्या मागचे दोन, बारके आणि मऊ, आजोबांच्या कापडी जोड्यांचे. तिथे ते रोज उभे राहत. पट्टा बांधायला. या विमानावर युद्धाने केलेली झीज एवढीच आहे.

आजोबा शेवटचे आले ते गेल्या शुक्रवारी. त्यांनी विमान फिरवून फिरवून पाहिलं, चाकांवरची झाकणं तपासली, चाकं तपासली.

"आता राख टाक," ते म्हणाले.

"पुसणार कोण?"

"बघू."

त्यांनी तेवढंच सांगितलं. आज मी राख टाकली. करड्या खडूची, थोडा तपकिरी, थोडा काळा, पॉलिशपेपरवर घासून केलेली बारीक पूड. ती मी मऊ ब्रशने आणि वरून फुंकरीने बसवली. पंखांवर, पाठीवर, काचेच्या छतावर. डाव्या पंखावरच्या तीन डागांवर नाही.

ही पूड टिकावी म्हणून वरून बिनचमकीच्या वॉर्निशचा फवारा मारायचा असतो. प्रत्येक जण मारतो. मी मारलेला नाही. तेराओकाका म्हणाले, "तसंच देतोस? ज्याचा हात लागेल त्याच्या बोटाला येईल सगळं." मी म्हणालो, येऊ दे. हे आळसाने किंवा वेळ नव्हता म्हणून राहिलेलं नाही, याची नोंद व्हावी. ओल्या फडक्याने पुसलं की ही राख निघेल. आत तडा कुठेही नाही. मी प्रत्येक पत्रा बघितला आहे. पुसायचं की नाही, कधी पुसायचं, हे मेकॅनिकने ठरवावं.

त्या दिवशीच्या माझ्या वाक्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

कलम ९. इकेगाया चिसातो हिला मी काहीही ठेवलेलं नाही.

हे रागाने नाही. सारंग म्हणतो, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मला ती साक्षीदार हवी आहे. हे सगळं मी लिहिलं, आणि ओरडत नव्हतो, हे तिने बघितलेलं मला हवं आहे. तिची पत्रं तिचीच आहेत, ती वाटणीत येत नाहीत. आईच्या कपाटात निळ्या डब्यात आहेत, दुसऱ्या पानांसकट.

महिना झाला, ती माझ्याशी बोललेली नाही. शुक्रवारी मी आजोबांजवळ निरोप दिला, की बोट गुरुवारी दहाला सुटते, तिने नऊला धक्क्यावर यावं, एक सही हवी आहे.

"मी काय पोस्टमन आहे?" आजोबा म्हणाले. बसमध्ये चढल्यावर खिडकीतून म्हणाले, "सांगतो."

ती नऊपर्यंत आली नाही तर दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी बोटीवरच्या आचाऱ्याची सही घ्यावी. त्याला मी ओळखत नाही, पण सारंग म्हणतो, अक्षर चांगलं आहे.

या कलमात एक ओळ खोडली आहे. कायद्याप्रमाणे बाजूला माझ्या नावाचा शिक्का मारला आहे. ती ओळ अजून वाचता येते, पण ती माझी मागणी समजू नये. अकरा महिने मोठे असतात.

कलम १०. सोबत पाकिटात केसांची एक बट आणि दहा नखं आहेत. माझं शरीर मिळालं नाही तर थडग्यात ती पुरावीत, म्हणजे भांडण नको. उजव्या अंगठ्याच्या नखात हिरवा रंग आहे. तो घासून निघाला नाही. राहू द्यावा. बाबांनी नखं ठेवताना काही बोलू नये, आणि आईने खूप बोलू नये.

हे मृत्युपत्र पाच पानांचं आहे. सगळं माझ्या हातचं. 'एका शुभदिवशी' असं लिहिलं तर कायद्यात मृत्युपत्र धरत नाहीत, म्हणून तारीख पुरती लिहितो. पुन्हा वाचून पाहिलं. या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

याइझु. हेइसेइ ९ (सन १९९७), ऑक्टोबर १४, मंगळवार.

कुरेबायाशी तेप्पेई (शिक्का)

साक्षीदार. ऑक्टोबर १६, गुरुवार, धक्का क्रमांक दोन.

१. मुराकोशी तोकुजी, सारंग (शिक्का). वाचलं. हे मृत्युपत्र आहे. परत येऊन जाळायचं आहे, हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावं.

२. इकेगाया चिसातो. नऊ वाजून वीस मिनिटं. उशीर झाला, कारण आजोबा सकाळी उठून बसले होते आणि म्हणाले फडकं ओलं करून आण, आणि अर्धं विमान मला पुसायला लावलं. शिक्का घरी राहिला. अंगठा उमटवते. शाई नाही, बोटाला होती तीच करडी राख आहे. नववं कलम वाचलं, खोडलेल्या ओळीसकट.